मागाच्या मापाचं पायडल

ते पायडल मी काढलं होतं. ड्रॉइंग माझं, मापं माझी, अक्कलही माझीच. हे आधी सांगून टाकतो, कारण गोष्ट सांगताना मला गोल गोल फिरायची खोड आहे, आणि गोल फिरता फिरता माणूस स्वतःला अलगद बाहेर काढून घेतो. त्या पायडलमुळं माझ्या मामाजींच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं मामाजींना वाटत राहिलं की चूक त्यांच्या पायाची होती. ती नव्हती. मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं, आणि मी सांगत नव्हतो.

मामाजी म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर आई मला घेऊन त्यांच्याकडं आली आणि दोन वर्षांत तीही गेली. पुढं मला वाढवलं ते मामाजींनी आणि मामीजींनी, त्यांच्या एकुलत्या मुलीच्या बरोबरीनं. इतवारीच्या बाजारपेठेच्या मागं आमची विणकरांची वस्ती. साठच्या दशकात त्या गल्लीत घराघरात हातमाग होता, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खटखट चालायची. पाहुण्यांचं डोकं उठायचं. आम्हाला मात्र खटखट थांबली की दचकायला व्हायचं, कारण माग थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं. आमच्या घरात पुढची खोली मागाची होती आणि उरलेल्या जागेत आम्ही.

माग खड्ड्याचा होता. जमिनीत गुडघ्याच्या वर येईल एवढा खड्डा, विणणारा त्याच्या काठावर बसतो आणि पाय आत सोडतो. खाली दोन लाकडी पट्ट्या असतात, त्यांना पावड्या म्हणतात. पावडी पायानं दाबली की उभे धागे दोन थरांत फाकतात, मधे वाट होते, आणि त्या वाटेनं धोटा आडवं सूत घेऊन पळतो. पाय उचलला की वाट मिटते. एवढं कळलं तरी पुरे. पण हे नीट ध्यानात ठेवा: मागावर पाय खाली म्हणजे वाट उघडी.

धोटा कधीकधी मधेच अडकतो. किंवा एखादा धागा तुटतो. मग हात आत घालावा लागतो. त्या वेळी पाय उचललात तर मेलात. धागे हातावर मिटतात, गुंततात, दहा-वीस तटातट तुटतात. मी शिकताना एकदा असा पाय उचलला. मामाजींनी आधी कानाखाली दिली आणि मग सांगितलं, "हात अंदर असला का पाय दाबून ठेवाचा. घरात आग लागली तरी उचलाचा नाही. समजलं काय बे?" समजलं. मारून शिकवलेलं चांगलं समजतं.

मामाजींच्या विणकामाला वस्तीत तोड नव्हती. इतवारीतले कापडवाले दुसऱ्यांची लुगडी दारात उलगडून, उजेडात धरून बघायचे; मामाजींचा गठ्ठा न सोडता आत ठेवायचे. मामाजींना त्याचा केवढा तोरा! "माह्या कामात चूक सापडली तं मिशी काढून टाकीन," असं म्हणायचे. मिशी शेवटपर्यंत होती. मी हे सांगतो ते त्यांची थोरवी गायला नाही. ज्या माणसाला चुकीची इतकी चीड, त्याच्या डोक्यावर पुढं काय येऊन बसलं ते कळावं म्हणून सांगतो.

मी शिकलो. पॉलिटेक्निकात गेलो. तिथल्या लायब्ररीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, त्यात उघड्या माणसाचं चित्र आणि त्याच्या अंगभर मापाच्या रेघा. गुडघा इतका उंच, कोपर इतकं लांब, बसल्यावर पाय इथपर्यंत पोचतो. माणसानं यंत्रापुढं वाकू नये, यंत्रानं माणसाच्या मापात बसावं, असं त्या पुस्तकाचं म्हणणं. मला ते भलतंच पटलं. आजही पटतं, हीच तर पंचाईत आहे. आमच्या वस्तीतली माणसं पन्नाशीत कुबडी होताना मी पाहिली होती. मला वाटलं, आपण काहीतरी करू. विशीतला पोट्टा, हातात टी-स्क्वेअर, डोक्यात हवा!

नोकरी लागली ती कळमेश्वरच्या नव्या औद्योगिक वसाहतीत. पत्र्याच्या डब्यांची झाकणं करणारा छोटासा कारखाना, पाच पॉवर प्रेस, आणि एक शेठ, जो दिवसभर हिंदीत ओरडायचा आणि जेवताना मराठीत मऊ व्हायचा. मी ड्राफ्ट्समन. तोवर सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं आणि हातमागाची हालत खस्ता झाली होती. वस्तीतले एकेक जण माग गुंडाळून कोणी सायकलरिक्षा धरत होता, कोणी हमाली. मी शेठला म्हटलं, आमच्याकडची माणसं घ्या, हाताला साफ आहेत. शेठनं पाच जण घेतले. त्यातले एक मामाजी. घरचा माग मामीजींनी चालू ठेवला. त्यांचाही हात काही कमी नव्हता. नाव नवऱ्याचं झालं, एवढंच.

त्या प्रेसना तेव्हा हाताचा दांडा होता. डाव्या हातानं पत्रा साच्यावर ठेवायचा, उजव्या हातानं दांडा ओढायचा, वरून ठोकळा आदळायचा, झाकण तयार. मग दांडा सोडून झाकण काढायचं, पुन्हा पत्रा, पुन्हा दांडा. काम रेंगाळायचं, खांदे भरून यायचे. शेठ म्हणाला, "कुछ करो यार, इंजिनियर हो ना?" इंजिनियर मी नव्हतो, पण ऐकायला गोड वाटलं. मी विचार केला: ही सगळी विणकर माणसं. यांचे पाय पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले. दांडा हातातून काढून पायाखाली द्यावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. एकानं पत्रा ठेवा, दुसऱ्यानं झाकण काढा.

रविवारी मी मोजपट्टी घेऊन मामाजींच्या मागाच्या खड्ड्यात उतरलो. बसायची उंची घेतली. गुडघ्यापासून पावडीपर्यंतचं अंतर घेतलं. पावडी किती खाली जाते ते घेतलं. ती दाबायला किती जोर लागतो ते कळावं म्हणून ताणकाटा अडकवून बघितलं. मामाजी वरून पाहत हसत होते. "काय गा भाचेबुवा, माह्या पायाचा सूट शिवून राहिला काय?" मामीजी आतून म्हणाल्या, "शिवू द्या ना. आजवर पायाले कोनी विचारलं होतं?" मी खड्ड्यात उभा राहून कागदावर आकडे लिहीत होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू! ज्या माणसानं मला पोसलं त्याच्या अंगाच्या मापानं मी यंत्र बनवत होतो.

पायडल तसंच झालं. स्प्रिंग तशीच निवडली, की दाबताना पावडीसारखंच वाटावं. मामाजी पहिल्यांदा बसले, दोनदा दाबून बघितलं आणि ओरडले, "अबे, हे तं आपलं घरचंच हाये!" अर्ध्या दिवसात पाचही जणांचा हात बसला. झाकणांचे ढीग लागले. शेठनं मला स्टूल काढून खुर्ची दिली, पाठीची. वस्तीत मामाजी सांगत फिरले, माह्या भाच्यानं मशीनले आमचे पाय लावून देले.

तीन-एक महिने गेले असतील. सकाळचा चहा होऊन माणसं नुकतीच जागेवर बसली होती. मी बाजूच्या खोलीत ड्रॉइंगवर वाकलेलो. प्रेसचे आवाज येत होते, रोजच्यासारखे. मग एक प्रेस थांबला. मग दुसरा. एकामागून एक पाचही थांबले, आणि कोणी ओरडत नव्हतं. मी उठलो ते त्या शांततेनं.

मामाजी आपल्या जागेवर बसलेले होते. हात साच्यात. ते हाताकडं बघतच नव्हते. खाली पायाकडं बघत होते. पाय अजून पायडलवर दाबलेलाच होता, घट्ट, पिंढरी ताठ. "मामाजी, पाय काढा, पाय काढा," मी म्हणत होतो. ते म्हणाले, "निंघत नाही." दोघांनी धरून तो पाय उचलला. मग प्रेसचं चाक उलटं फिरवून ठोकळा वर घेतला. पुढचं सांगत नाही.

झालं ते असं: झाकण साच्यात अडकलं, ते काढायला मामाजींनी उजवा हात आत घातला, आणि हात आत असताना पाय दाबला. स्वतः. कोणी ढकललं नाही, कोणी हाक मारली नाही, डोळ्यांवर झोप नव्हती. तपासायला सरकारी साहेब आले. त्यांनी विचारलं, "हाथ अंदर था, फिर पैर क्यों मारा?" मामाजी खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "मालूम नाही साहेब. पाय आपोआप गेला." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. अक्षर चांगलं म्हणून कागद माझ्याच हातात होता. शेठनं सांगितलं आणि मी लिहिलं: अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळं झाला. खरं सांगतो, तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. उलट मी चिडलो होतो. दवाखान्यात त्यांच्या उशाशी उभा राहून मी ओरडलो, "पन काहून मारला पाय, मामाजी? काहून?" बाजूच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, बापू, आता विचारून काय होनार. मामाजी भिंतीकडं वळले.

घरी आणलं त्या दिवशीची गोष्ट मला छळते. आमच्याकडं भाच्याला मान असतो. मामा भाच्याच्या पाया पडतो. सणावारी मामाजी ते थट्टेत करायचे, कमरेला हात लावून, आई गं करत. त्या दिवशी ते खाटेवरून उतरले, उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा छातीशी धरला, आणि डाव्या हातानं माझ्या दोन्ही पायांना शिवून तो हात कपाळाला लावला. म्हणाले, "तुह्या शब्दावर मले कामावर घेतलं होतं. तुह्या शब्दाले बट्टा लागला माह्यानं." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "राहू द्या मामाजी, होते कधीकधी." मी त्यांना माफ केलं! ऐकलंत? मी, त्यांना.

आठ-दहा दिवसांनी मी त्यांना बघायला गेलो. मामाजी खाटेवर डोळे मिटून पडले होते. मामीजी मागावर होत्या. घर चालवायला आता तोच माग. मी दाराशी बसून चहा पीत होतो. खटखट चालू होती आणि अचानक थांबली. धोटा धाग्यांच्या मधे अडकला होता. मामीजींनी हातातलं सोडलं, पाय गच्च दाबून धरला, आणि वाकून हात आत घातला.

मी पाहिलं. आधी पाय दाबला, मग हात आत गेला. विचार केला नाही, खाली बघितलं नाही. तोंडानं त्या मला काहीतरी सांगत होत्या, शेजारणीच्या बकरीबद्दल.

 मागावर पाय खाली म्हणजे वाट उघडी. प्रेसवर पाय खाली म्हणजे वाट बंद. मी या माणसांना पावडीच्या मापाची, पावडीच्या जोराची, पावडीच्या उंचीची पट्टी दिली होती आणि तिला काम उलटं लावलं होतं. रोजच्या कामात ते खपून गेलं. पण काही अडकलं, हात आत घालायची वेळ आली, की चाळीस वर्षं ज्या पायाला कान धरून शिकवलं होतं तो पाय शिकवल्याप्रमाणं वागणार. हात अंदर, पाय दाबून. मामाजींनी निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांनी जन्मभराची काळजी घेतली होती. वेडंवाकडं कसंही पायडल केलं असतं, तर पायाला ते परकं वाटलं असतं आणि तो बिचकून राहिला असता. मी ते इतकं बेमालूम घरचं केलं की पाय फसला. आणि जुना दांडा होता तोवर ठोकळा पडताना उजवा हात दांड्यावरच असायचा, साच्यात जाऊच शकत नव्हता. तो मीच मोकळा केला होता.

"काय पाहून राहिले, भाचेबुवा?" मामीजींनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

मामाजी पाच हातांच्या अंतरावर पडलेले होते. तेव्हाच सांगायचं होतं. एक वाक्य होतं. ते राहिलं ते राहिलं.

कारखान्यात मात्र मी झपाटल्यासारखा लागलो. बाकीचे चार जण रोज त्याच पायडलवर पाय ठेवून बसत होते. मी शेठच्या मागं लागलो की स्प्रिंगा खराब आहेत, सरकारी साहेब पुन्हा येतील, नसती आफत. दोन हातांना दोन दांडे बसवू, दोन्ही एकदम ओढले तरच प्रेस खाली येईल. शेठ कुरकुरला पण तयार झाला. पायडलं निघाली. त्या चौघांचे हात शाबूत राहिले, एवढं मी केलं. पण कारण सांगितलं नाही. शेठला नाही, साहेबांना नाही. कागदावर निष्काळजीपणा तसाच राहिला. लोकांना वाटेल खुर्ची जाईल म्हणून भ्यालो. खुर्चीची भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. कागद बदलला असता तर मामाजींना कळलं असतं की ज्या भाच्याच्या पाया पडलो त्यानंच हे केलं.

मग मामाजींचं ते सुरू झालं. त्यांना स्वतःच्या उजव्या पायाची भीती बसली. बसताना तो पाय मांडीखाली दाबून बसायचे. चालताना कोणा दुसऱ्याचा पाय सोबत ओढत नेल्यासारखे चालायचे. सायकल सोडली. झोपताना मामीजींच्या जुन्या लुगड्याची पट्टी काढून पाय खाटेच्या गातेला, म्हणजे बाजूच्या लाकडाला, बांधायचे. मला एकदा अगदी हळू म्हणाले, "हा पाय माहा नाही रे. याच्यात कोनीतरी हाये. मी नाही दाबला. यानं दाबला." मी म्हणालो, "असं काही नसते, मामाजी." बस्स, एवढंच म्हणालो.

वस्तीत बोलणं सुरू झालं की बाहेरचं लागलं. मामीजींचं माहेर उमरेडचं. त्यांच्या भावानं तिकडचा एक भगत पाठवला. वाळका माणूस, बोलणं कमी. त्यानं मामाजींच्या पायावर हात ठेवला, डोळे मिटले, बराच वेळ बसला. मग उठून घरभर फिरला. चुलीपाशी थांबला नाही, देवापाशी थांबला नाही. मागापाशी आला आणि खड्ड्यात वाकून बघितलं. म्हणाला, "इथून धरून हाये. खालून. या खड्ड्यातून पायाले धरलं."

मी दारात उभा होतो.  साहेबांच्या दोन पानांच्या कागदात जे आलं नाही, मी पुस्तकं वाचून ज्याचा ठावठिकाणा तोंडातून काढला नाही, ते या निरक्षर माणसानं एका घटकेत बोट ठेवून दाखवलं होतं. खड्ड्यातूनच धरलं होतं! फक्त धरणारा कोण ते त्याला माहीत नव्हतं.

उपाय त्यानं सांगितला तो असा: माग उठवा, खड्डा बुजवा.

 दुसऱ्या दिवशी मामीजींनी कातर घेतली आणि मागावरचं अर्धं विणलेलं लुगडं कापलं. अर्धंच विणलेलं लुगडं कोणाच्या कामाचं? त्यांनी ते घडी करून पेटीत ठेवलं. मला म्हणाल्या, "भाचेबुवा, तुमी माती टाका. भाच्याच्या हातानं बरं असते." मागाची लाकडं सुटी करून भावाकडं पाठवायला उमरेडच्या एसटीच्या टपावर चढवली. हातगाडीवर माती आली. मी घमेली भरली आणि टाकली. पहिलं घमेलं पावड्यांवर पडलं. त्या काढायच्या नाहीत असं भगतानं सांगितलं होतं. मामाजी खाटेवरून बघत होते, लहान लेकरासारखे, आशेनं. मला सगळं माहीत होतं. मला माहीत होतं की हा माग गेला तर मामीजींच्या हातात काही उरणार नाही. एक वाक्य बोललो असतो तर माग राहिला असता. मी खड्डा काठोकाठ भरला, पाणी मारलं, धुमसानं ठोकला. मामीजींनी वरून सारवलं. त्या आठवड्यापासून त्या बिड्या वळायला लागल्या.

काही महिने मामाजींनी पाय बांधला नाही. मामीजींचा जीव भांड्यात पडला. मग एका सकाळी पाहिलं तर पट्टी पुन्हा खाटेला.

वर्षं गेली. मी दुसऱ्या, मोठ्या कारखान्यात लागलो. माझं नाव झालं ते किरकिऱ्या म्हणून. कोणतंही नवीन मशीन आलं की मी चालवणाऱ्याला आधी विचारायचो, "याच्या आधी काय काम करत होता? बापाचा धंदा काय?" हाताखालची पोरं हसायची, साहेब सोयरीक जुळवतात काय म्हणायची. हसू देत. टांगा हाकणाऱ्याचा हात धोका दिसला की मागं ओढतो, मग त्याच्या मशीनचा दांडा मागं ओढल्यावर चालू होता कामा नये. कुंभाराचा पाय चाक फिरतं राहावं म्हणून सारखा हलता असतो. माणूस कारखान्यात एकटा येत नाही, आधीचं काम अंगात घेऊन येतो, आणि ते काम त्याला न विचारता हलतं. हे मला माझ्या त्या जाडजूड पुस्तकात सापडलं नाही. असेलही; मी चित्रंच बघत बसलो होतो.

आणि मला जे लागलं ते वेगळंच. मी लहानपणी दोन वर्षं मागावर बसलो तेवढंच. पण आजही कपाटाच्या मागं काही पडलं, हात आत घातला, की माझा उजवा पाय जमीन दाबतो. गच्च. मी खाली बघतो आणि तो दाबलेला असतो. मी कोणाला सांगत नाही. घाम फुटतो, पाय उचलतो, मग हात बाहेर काढतो.

ऐंशीचं दशक अर्धं झालं तेव्हा मामाजींची एकुलती मुलगी वर्ध्याहून माहेरी आली होती. तिची पोरगी आठ-नऊ महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली. उन्हाळ्याची दुपार, दाराला ओलं पोतं लावलेलं. मामाजी बाजेवर बसले होते. पाय मांडीखालून सुटून खाली लोंबत होता आणि त्यांच्या लक्षात नव्हतं. पोरगी रांगत रांगत आली आणि तिनं त्या पायाचा अंगठा धरला.

मामाजी असे किंचाळले की मी उडालो. "उचला! उचला तिले! पायापाशी येऊन राहिली!" ते बाजेवर मागं मागं सरकत होते, पाय दोन्ही हातांनी, म्हणजे एका हातानं आणि एका अंगठ्यानं, वर ओढून धरत होते. पोरगी भेदरून रडायला लागली. मुलीनं तिला उचलून आत नेलं. मामीजीही मागोमाग गेल्या. मामाजींनी पाय परत मांडीखाली दाबला. डोळ्यांत पाणी. "नातीले मांडीवर घेतलं नाही मी आजवर," ते म्हणाले. "हा पाय तिचं काय करन, काय भरोसा."

मग माझ्यानं राहवलं नाही. मी बाजेवर त्यांच्या शेजारी बसलो.

"मामाजी, धोटा अडकला का पाय काय करते?"

"दाबून धरते."

"अन् हात?"

"अंदर जाते." ते वैतागले. "हे काय विचारून राहिला?"

"त्या दिवशी झाकन अडकलं होतं."

 मी पुढं सगळं बोललो. मोजपट्टी, ताणकाटा, स्प्रिंग. पाय दाबला की मागाची वाट उघडते आणि माझी बंद होत होती. "पायात कोनी नव्हतं, मामाजी. तुमचा पाय तुमीच शिकवल्यावानी वागला. चूक माही होती. मी मशीन उलटं बनवलं."

मामाजींनी पाय हळूच खाली सोडला. जमिनीवर टेकवला. बोटं हलवून बघितली, एकदा, दोनदा.  मला वाटलं ते मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, "हे तुले केव्हा समजलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. आत्ता समजलं, परवा एका पुस्तकात वाचलं, काहीही. मी म्हणालो, "खड्डा बुजवाच्या आधी."

"तू तं माती टाकली होती."

"हौ."

त्यांनी आतल्या दाराकडं पाहिलं. आत मामीजी नातीला काहीतरी गाऊन उगी करत होत्या. मामाजी माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "तुह्या मामीले नको सांगू. माग तिनं माह्या पायासाठी मोडला. तिले राहू दे तेवढं."

त्या संध्याकाळी त्यांनी नातीला मांडीवर घेतलं. मामीजी बघतच राहिल्या. पुढं मामाजी आणखी काही वर्षं जगले, माझ्याशी बोलायचे, हसायचेही, पण माझ्या पाया पुन्हा पडले नाहीत.

मामीजींना मी सांगितलेलं नाही. घरात कोणी नवीन माणूस आलं, की त्या पुढच्या खोलीतली ती जागा दाखवतात. म्हणतात, "इथं खड्डा होता. लई दिवस लागले, पन उतरलं एकदाचं यायच्या पायातून. माह्या भाच्यानं माती टाकली म्हनून माहा मानूस सुटला." मग माझ्याकडं वळून विचारतात, "नाही काय, भाचेबुवा?"

मी हौ म्हणतो.